टॅन इन्व्हर्स, साइन इन्व्हर्स आणि टेलर बहुपदी: किती पदं पुरतात?

ऐरोली_सर्किट

आठ बिटांच्या मायक्रोकंट्रोलरवर उताराचा कोन काढायचा आहे. ॲक्सिलरोमीटरकडून दोन अक्षांची मापं येतात, त्यांच्या भागाकाराचा टॅन इन्व्हर्स घ्यायचा. चिपमध्ये ८ केबी फ्लॅश आहे आणि त्यातली बरीचशी डिस्प्ले आणि सीरियलनेच खाल्ली आहे. म्हणून गणिताची अख्खी लायब्ररी न जोडता टॅन इन्व्हर्सच्या (म्हणजेच आर्कटॅनच्या) टेलर श्रेणीची पहिली चार पदं लिहिली:

आर्कटॅन(क्ष) ≈ क्ष − क्ष^३/३ + क्ष^५/५ − क्ष^७/७

लहान कोनांना उत्तर चोख येतं. पण क्ष = ०.९५ ला ४१.२१ अंश येतात, कॅल्क्युलेटर ४३.५३ दाखवतो. शेवटचं पद काढलं तर ४६.९२. क्ष = २ ला तर उत्तर चक्क उणे. मला ०.०१ अंशापर्यंत अचूक कोन हवा आहे. पदं किती वाढवू?

घोडबंदर_गणित

पदं वाढवू नका, क्ष लहान करा.

आधी हिशेब बघा. या श्रेणीत चिन्हं आलटून पालटून येतात आणि पदं लहान होत जातात, त्यामुळे चूक ही सोडलेल्या पहिल्या पदापेक्षा कमी असते. ०.०१ अंश म्हणजे ०.०००१७४५ रेडियन. क्ष = ०.९५ साठी क्ष^८३/८३ हे पद पहिल्यांदा याखाली जातं, म्हणजे ४१ पदं धरावी लागतील. क्ष = १ ला न पदांनंतरची चूक साधारण १/(४न) असते, तिथे सुमारे १४३० पदं लागतात. आणि क्ष = २ ला किती पदं घेतली तरी उपयोग नाही: २, −०.६७, ५.७३, −१२.५५ अशा बेरजा झोके घेत दूर जातात. खरं उत्तर १.१०७.

कारण असं. आर्कटॅनचं विकलन १/(१ + क्ष^२). ही श्रेणी म्हणजे −क्ष^२ हे गुणोत्तर असलेली भूमिती श्रेढी, पदापदाने संकलन केलेली. गुणोत्तर १ च्या आत असेल तरच बेरीज जमते. आर्कटॅनचा आलेख संपूर्ण वास्तव रेषेवर गुळगुळीत आहे, कुठे तुटत नाही, तरी श्रेणी १ वर अडते याचं अनेकांना कोडं पडतं. अडचण वास्तव रेषेवर नाहीच. १ + क्ष^२ शून्य होतं ते क्ष^२ = −१ ला, म्हणजे काल्पनिक अक्षावर, शून्यापासून बरोबर १ अंतरावर. अभिसरणाची त्रिज्या तिथवरच.

आता कृती. चिन्ह बाजूला काढून ठेवा, शेवटी लावा. क्ष १ पेक्षा मोठा असेल तर त्याऐवजी १/क्ष घ्या आणि शेवटी उत्तर पाय/२ (पाय म्हणजे π, १८० अंश) मधून वजा करा. एवढं करून क्ष ० ते १ मध्ये येतो, पण ते पुरेसं नाही. क्ष जर ०.२६७९ पेक्षा (हा टॅन १५ अंश, म्हणजे २ − √३) मोठा असेल तर

ट = (√३ × क्ष − १) / (√३ + क्ष)

असा ट काढा, त्याचा आर्कटॅन घ्या आणि पाय/६ मिळवा. हे टॅनच्या वजाबाकीचंच सूत्र आहे, ३० अंश बाजूला काढलेत इतकंच. आता ट कायम −०.२६७९ ते ०.२६७९ मध्येच राहतो.

तुमच्याच उदाहरणात क्ष = ०.९५ वरून ट = ०.२४०६५४८. पदं: ०.२४०६५४८ − ०.००४६४५८ + ०.०००१६१४ − ०.०००००६७ = ०.२३६१६३७. पाय/६ म्हणजे ०.५२३५९८८ मिळवा: ०.७५९७६२५. खरं उत्तर ०.७५९७६२८. त्याच चार पदांनी चूक २.३ अंशांवरून ०.००००२ अंशाच्या खाली आली.

अगदी कडेला, ट = ०.२६७९ ला, चार पदांची चूक ट^९/९ म्हणजे फार तर ०.०००००००८ च्या दहापट, ०.०००००८ रेडियन.

बेलापूर_बिट्स

घोडबंदर, शेवटचा आकडा पुन्हा बघा. ०.२६७९ चा नववा घात ०.०००००७१२, भागिले ९ म्हणजे ०.००००००७९ रेडियन. तुमच्या आकड्यात एक शून्य कमी पडलंय. अंशांत हे ०.००००४५.

त्यामुळे ऐरोलींच्या कामाला चार पदंही जास्तच आहेत. ट^५ पर्यंत तीन पदं घेतली तर चूक ०.०००८ अंश. दोनच घेतली तर ०.०१६ अंश, ते मात्र मर्यादेबाहेर. तीन पुरे.

आता कोड लिहिताना. घात वेगवेगळे काढू नका. स = ट × ट एकदाच काढा आणि आतून बाहेर या:

ट × (१ − स × (१/३ − स × १/५))

यालाच हॉर्नरची पद्धत म्हणतात. तीन पदांना चार गुणाकार आणि दोन वजाबाक्या. १/३ आणि १/५ हे दशांशात आधीच लिहून ठेवा, दर वेळी भागाकार नको. या चिपवर फ्लोटचा (दशांश अपूर्णांकांचा)  भागाकार सॉफ्टवेअरने होतो आणि तो गुणाकाराच्या कितीतरी पट वेळ घेतो.

म्हणूनच माझी जास्त महत्त्वाची सूचना: य/क्ष असा भागाकार आधी करूच नका. सेन्सरची दोन मापं य आणि क्ष असतील तर दोन्हींची धन किंमत घ्या, मोठं माप खाली आणि लहान वर ठेवा. मग य > ०.२६७९ × क्ष आहे का ते गुणाकाराने तपासा. असेल तर

ट = (√३ × य − क्ष) / (√३ × क्ष + य)

नसेल तर ट = य/क्ष. कुठल्याही वाटेने गेलं तरी एकच भागाकार, आणि खाली शून्य येण्याची शक्यता फक्त दोन्ही मापं शून्य असतील तेव्हाच. ती अवस्था सुरुवातीलाच वेगळी काढा.

शेवटी परत बांधताना क्रम चुकवू नका: आधी पाय/६ मिळवायचा, मग अदलाबदल केली असेल तर पाय/२ मधून वजा, मग मूळ क्ष ऋण असेल तर पाय मधून वजा, आणि सर्वांत शेवटी य चं चिन्ह. हा क्रम उलटला की एखाद्या चरणात ९० किंवा १८० अंशांची उडी दिसते आणि माणूस बहुपदीत चूक शोधत बसतो.

घोडबंदर_गणित

बरोबर, ०.००००००७९. दुरुस्तीबद्दल आभार. आणि एक भागाकाराची मांडणी माझ्यापेक्षा सरस आहे, तीच घ्यावी.

कोपरीकर

सेन्सरबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. उतारासाठी बरेच जण एकाच अक्षाचं माप गुरुत्वाने भागतात आणि त्याचा साइन इन्व्हर्स घेतात. ९० अंशांजवळ हे घातक आहे. साइन इन्व्हर्सचं विकलन १/√(१ − क्ष^२), ते १ पाशी अनंताकडे जातं. १ च्या जागी ०.९९९ आलं, म्हणजे मापात हजारात एकाचा फरक पडला, तर कोन २.५६ अंशांनी सरकतो. आणि मापातल्या खरखरीमुळे १.००२ आलं तर वर्गमूळाखाली ऋण संख्या जाते आणि उत्तरच मिळत नाही. साइन इन्व्हर्स वापरायचाच असेल तर आधी क्ष ला −१ ते १ मध्ये दाबून बसवा.

त्यापेक्षा एका अक्षाचं माप वर आणि उरलेल्या दोन अक्षांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ खाली घेऊन टॅन इन्व्हर्स काढा. सगळ्या कोनांना संवेदनशीलता सारखी राहते, आणि गुरुत्वाचं अचूक माप ठरवायचीही गरज उरत नाही.

कळवा_अभ्यास

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचा प्रश्न विचारतोय, धागा भरकटत असेल तर सांगा. साइन इन्व्हर्सच्या विस्तारात १/६, ३/४०, ५/११२ असे सहगुणक येतात. एकामागून एक विकलन करत गेलं तर तिसऱ्यानंतर पान पुरत नाही. पेपरात थोडक्यात कसं काढायचं?

घोडबंदर_गणित

भरकटत नाहीये, हाच विषय आहे. दोन रस्ते.

पहिला: १/√(१ − क्ष^२) चा द्विपद विस्तार करा: १ + क्ष^२/२ + ३क्ष^४/८ + ५क्ष^६/१६ + … आणि पदापदाने संकलन करा. क्ष + क्ष^३/६ + ३क्ष^५/४० + ५क्ष^७/११२ + ३५क्ष^९/११५२ मिळतात. तीन ओळींचं काम.

दुसरा, लायब्निट्झच्या प्रमेयाने करायला सांगितलं तर: य = साइन इन्व्हर्स क्ष. पहिल्या विकलनाचा वर्ग करून छेद वर घ्या, पुन्हा विकलन करा: (१ − क्ष^२)य₂ − क्ष·य₁ = ०. याचं न वेळा विकलन केलं आणि क्ष = ० ठेवलं की

य(न+२) = न^२ × य(न)

एवढंच उरतं. शून्यावर पहिलं विकलन १, म्हणून तिसरं १, पाचवं ९, सातवं २२५, नववं ११०२५. सम क्रमांकाची सगळी शून्य. ९/१२० म्हणजे ३/४०, २२५/५०४० म्हणजे ५/११२. जुळलं.

आणि साइन इन्व्हर्स(२क्ष/(१ + क्ष^२)) सारखं काही आलं तर विकलनाच्या नादी लागू नका. क्ष = टॅन थीटा ठेवा, ते २ आर्कटॅन(क्ष) होतं, आणि विस्तार २(क्ष − क्ष^३/३ + क्ष^५/५ − …). मात्र हे |क्ष| ≤ १ पुरतंच खरं आहे. क्ष १ च्या पुढे गेला की तो कोन पाय − २ आर्कटॅन(क्ष) होतो. ही अट लिहायला विसरू नका.

कळवा_अभ्यास

न^२ वालं फारच सुटसुटीत आहे. पण साइन इन्व्हर्सची चूक कशी मोजायची? इथे सगळी पदं धन आहेत, आलटून पालटून चिन्हांचा नियम लागणार नाही.

घोडबंदर_गणित

नाही लागणार, बरोबर ओळखलंत. इथे सोडलेलं पहिलं पद म्हणजे चुकीची वरची मर्यादा नाही, चूक त्याहून मोठीच असते. पण प्रत्येक पद आधीच्या पदाच्या क्ष^२ पटीपेक्षा लहान आहे, म्हणून उरलेली शेपटी ही पुढचं पद ÷ (१ − क्ष^२) याच्या आत. क्ष = ०.५ घ्या. पाच पदांची बेरीज ०.५२३५८५२. पुढचं पद ०.००००१०९, त्याला ०.७५ ने भागलं की ०.००००१४६. खरं उत्तर पाय/६ = ०.५२३५९८८, प्रत्यक्ष चूक ०.००००१३६. मर्यादा अगदी घट्ट बसते.

०.५ च्या पुढे मात्र हे वापरू नका. तिथे

साइन इन्व्हर्स(क्ष) = पाय/२ − २ × साइन इन्व्हर्स(√((१ − क्ष)/२))

क्ष ०.५ ते १ असला की आतली संख्या ०.५ ते ० मध्ये येते. एक वर्गमूळ खर्ची पडतं, पण १ पाशी जी उभी चढण आहे ती त्या वर्गमूळातच जिरते.

नेरूळ_आकाश

लहान क्ष ला टेलर किती सोपी पडते याचं घरचं उदाहरण देतो: ठाण्याचा सर्वांत मोठा दिवस.

अक्षांश १९.२ अंश, २१ जूनच्या सुमारास सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर) २३.४४ अंश. सूर्य मध्यान्हापासून क्षितिजापर्यंत ९० अंश अधिक साइन इन्व्हर्स(टॅन १९.२ × टॅन २३.४४) इतका फिरतो. गुणाकार ०.३४८२ × ०.४३३६ = ०.१५१०. पहिलंच पद धरलं तर जादा कोन ८.६५ अंश. क्ष^३/६ मिळवलं तर ८.६८३. १ अंशाला ४ मिनिटं आणि सकाळ-संध्याकाळ मिळून दुप्पट, म्हणजे ८ मिनिटं. तेव्हा दिवस १२ तास ६९ मिनिटांचा, १३ तास ९ मिनिटं. दुसरं पद सोडलं तर १६ सेकंदांची चूक, तिसरं सोडलं तर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. ठाणे-पनवेल पट्ट्यात यापुढची पदं काढण्यात काहीच अर्थ नाही.

पंचांगाशी ताडून पाहणाऱ्यांना तिथे सात-आठ मिनिटं जास्त दिसतील. तो टेलरचा दोष नाही. वातावरणातल्या वक्रीभवनामुळे आणि सूर्याची वरची कड धरल्यामुळे सूर्योदय केंद्र ०.८३ अंश क्षितिजाखाली असतानाच मानतात.

कोपरीकर

एक मूळचा आक्षेप नोंदवतो. टेलर बहुपदी शून्यापाशी गरजेपेक्षा जास्त अचूक असते आणि कडेला ढासळते. चूक सगळीकडे सारखी वाटायची असेल तर सहगुणक थोडे हलवायला हवेत. ० ते १ साठी

(पाय/४) × क्ष + ०.२७३ × क्ष × (१ − क्ष)

यात क्ष चा फक्त वर्ग आहे आणि कमाल चूक ०.००३८ रेडियन, म्हणजे ०.२२ अंश. ० ते १ मध्ये टेलरच्या चार पदांची कमाल चूक यापेक्षा दहापटीहून जास्त आहे. साइन इन्व्हर्ससाठीही ० ते १ मध्ये

पाय/२ − √(१ − क्ष) × (१.५७०७२८८ − ०.२१२११४४क्ष + ०.०७४२६१०क्ष^२ − ०.०१८७२९३क्ष^३)

असं सूत्र आहे, चूक ०.००००७ रेडियनच्या आत. वर्गमूळ बाहेर काढल्यामुळे १ पाशीही ते टिकतं.

बेलापूर_बिट्स

आक्षेप योग्य आहे, पण ऐरोलींना ०.०१ अंश हवाय, ०.२२ नाही. आणि ट आधीच ०.२६७९ पर्यंत आकसला की टेलर आणि हलवलेले सहगुणक यांच्यातला फरक एखाद्या पदापुरताच उरतो. टेलरचा मोठा फायदा असा की सहगुणक कुठून आले ते कागदावर दाखवता येतं आणि चुकीची मर्यादा हाताने काढता येते. सन मायक्रोसिस्टिम्सच्या एफडीलिबएम या प्रसिद्ध लायब्ररीतही दोन्ही गोष्टी एकत्र आहेत: ७/१६, ११/१६, १९/१६ आणि ३९/१६ इथे कप्पे पाडून आधी राशी ७/१६ च्या आत आणायची, आणि मग ११ सहगुणकांची जुळवलेली बहुपदी.

चिपमध्ये गुणाकाराचं हार्डवेअरच नसेल तर गोष्ट वेगळी. तिथे १९५९ साली व्होल्डर यांनी मांडलेली कॉर्डिक पद्धत बघा: ४५, २६.५६५, १४.०३६, ७.१२५ अशा कोनांचा तक्ता आणि फक्त बिट सरकवणं व बेरीज-वजाबाकी.

नेरूळ_आकाश

क्ष = १ ला १४३० पदं लागतात असं वर आलंय. त्यावर केरळच्या संगमग्रामच्या माधवांचा उपाय सांगितल्याशिवाय राहवत नाही. चौदाव्या शतकातले हे गणिती, म्हणजे ग्रेगरी (१६७१) आणि लायब्निट्झ यांच्या आधी अडीचशेहून जास्त वर्षं. या परंपरेत न पदांच्या बेरजेला शेवटी एक संस्कार करतात, म्हणजे दुरुस्तीचं पद. तीन पायऱ्यांचं:

१/(४न), किंवा न/(४न^२ + १), किंवा (न^२ + १)/(न(४न^२ + ५))

दहा पदांची बेरीज ०.७६०४५९९, खरं उत्तर ०.७८५३९८२, चूक ०.०२५. पहिल्या संस्काराने ०.७८५४५९९. दुसऱ्याने ०.७८५३९७५६. तिसऱ्याने ०.७८५३९८१८, चूक आठव्या दशांशात. पदं तीच दहा. (सम संख्येची पदं घेतली तर संस्कार मिळवायचा, विषम घेतली तर वजा करायचा.)

दुसरी वाट म्हणजे क्ष = १/√३ घेणं, म्हणजे प्रत्येक पद आपोआप तिसऱ्या हिश्श्याहून लहान होतं. माधवांच्या नावे असलेला आकडा असा: व्यास ९०००००००००००, परिघ २८२७४३३३८८२३३. भागून बघा, पाय अकराव्या दशांशापर्यंत बरोबर येतो. मेचिन यांनी १७०६ साली ४ आर्कटॅन(१/५) − आर्कटॅन(१/२३९) वापरून १०० अंक काढले, तेही राशी लहान करूनच.

कोपरीकर

आर्कटॅन आणि साइन इन्व्हर्स झाले, कॉस इन्व्हर्स राहिला. जीपीएसचे दोन बिंदू घेऊन गोलावरचं अंतर काढणारे हमखास यात फसतात. सूत्रात शेवटी अंतर = ६३७१ × कॉस इन्व्हर्स(काहीतरी) असतं, आणि जवळच्या बिंदूंना ते काहीतरी १ ला चिकटतं. १ पाशी कॉस इन्व्हर्स(१ − ड) हा जवळपास √(२ड) असतो. ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये १ च्या लगेच खालची संख्या ०.०००००००६ ने कमी. तिचा कॉस इन्व्हर्स ०.०००३४५ रेडियन, गुणिले ६३७१ म्हणजे २.२ किलोमीटर! त्याच्या पुढची पायरी ३.१, मग ३.८. ठाणे स्टेशन ते तलावपाळी हे अंतर या सूत्राने एक तर शून्य येईल, नाहीतर सव्वादोन किलोमीटर. मधलं काही येऊच शकत नाही.

इथे कितीही चांगली बहुपदी घेऊन उपयोग नाही, कारण माहिती आधीच्या वजाबाकीतच गेलेली असते. अर्ध्या कोनाच्या साइनचं हॅवरसाइन सूत्र घ्या, तिथे साइन इन्व्हर्सच्या आतली संख्या शून्याजवळ असते आणि पहिल्या एक-दोन पदांतच काम होतं.

ऐरोली_सर्किट

बेलापूर यांची एक भागाकाराची मांडणी आणि तीन पदं लिहिली. चारही चरण नीट येतात, २ ला आता ६३.४३ च्या आसपास येतं. पण ०.९५ ला अजून ४३.७८८ अंश दिसतात, ४३.५३१ नाही. बाकी सगळ्या कोनांनाही थोडा थोडा फरक आहे, शून्याला आणि ३० अंशांना मात्र काहीच नाही.

बेलापूर_बिट्स

फरक ०.२५७ अंश, म्हणजे ०.००४४९ रेडियन. वरच्या हिशेबातल्या ट^३/३ मधून ट^५/५ वजा केलं की जवळपास एवढंच उरतं. म्हणजे तुमच्या बहुपदीतलं फक्त पहिलं पद चालतंय, पुढची शून्य होताहेत. शून्याला आणि ३० अंशांना ट शून्य असतो, म्हणून तिथे फरक दिसत नाही. कोडमध्ये १/३ आणि १/५ असेच लिहिले असणार. सी भाषेत दोन्ही बाजूंना पूर्णांक असले की भागाकारही पूर्णांकी होतो आणि उत्तर ० येतं. १.०/३.० करा, किंवा सरळ ०.३३३३३३३ आणि ०.२ लिहा.

मग तपासणीला ०.२६७ आणि ०.२६९ हे दोन बिंदू नक्की घ्या. तिथे वाट बदलते, ट एकदम +०.२६७ वरून −०.२६७ च्या आसपास जातो आणि चुकीचं चिन्हही उलटतं. तीन पदांना ही उडी ०.००१६ अंशाच्या आत असायला हवी. जास्त दिसली तर √३ चे अंक कमी लिहिलेत असं समजा.

ऐरोली_सर्किट

१/३ असंच लिहिलं होतं. ०.३३३३३३३ केलं, ०.९५ ला ४३.५३२ आला. √३ पण १.७३२ लिहिला होता, तो १.७३२०५०८ केला. ०.२६७९ च्या दोन्ही बाजूंना आता तिसऱ्या दशांशात एकचा फरक दिसतो.